मधली खोली फत्ते जाहली त्याची हकीकत

॥ श्री सुई समर्थ, दोरा साह्य ॥ शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, भानुवासर, ते दिवशी मधल्या खोलीचा मुलूख कैसा फत्ते जाहला, कोण झुंजले, कोण अडकले, आणि जागेस नाव कैसे पडले, हे लिहून ठेवणे म्हणोन बारा घरच्या बायांनी आम्हांस आज्ञा केली. त्यास आम्ही लेखणीचे माणूस. सुई हाती धरिली तर टाका वीतभर लांब पडतो आणि भीमाक्का तो उसवून पुन्हा आमच्याच हाती देतात. परंतु डोळ्यांनी पाहिले ते लिहावयास कोणाच्या बापाचे भय नाही. सबब जैसे जाहले तैसे लिहितो. पदरचे घातले असेल तेथे वाचणारांनी हसावे आणि पुढे जावे.

कोणे एके राज्यी दोन जिन्यांची, बारा बिऱ्हाडांची इमारत होती. राज्याचे नाव सांगत नाही. सांगितले तर शेजारच्या इमारतीचे लोक म्हणतील, हे तर आमचेच घर, आणि तंटा वाढेल. त्या राज्यात जुन्या दौलतींप्रमाणे सर्व कारखाने यथास्थित होते. मुदपाकखाना होता, फ्रिज नामे आबदारखाना होता, टीव्हीचा नगारखाना सकाळी सहापासून वाजत होता, आणि जामदारखाना कपाटात ऐसा कोंबिला होता की दार उघडिले तर अंगावर यावा. परंतु बाया जुनी लुगडी, सदरे, चादरी फाडून, थरावर थर घालून, धावदोऱ्याने वाकळी शिवीत, त्या कामाचा कारखाना कोणी मोजिलाच नाही. वाकळ सर्वांस हवी. थंडी पडली की खासे म्हणजे घरधनी, राजपुत्र, पाहुणे सगळेच "माझी कोठे, माझी कोठे" म्हणोन गहजब करीत. मात्र शिवणारीने बसावे कोठे, याचा विचार एकाही मुत्सद्द्याने केला नाही. मग बायांनीच मसलत केली की आपली जागा आपण धरावी आणि तिला नाव द्यावे, कारण नाव पडले म्हणजे जागा सहसा हालत नाही. आणि ऐशी नावे पडली की ऐकणाराची छाती फुगावी. भीमाक्का या सर्वांत वडील, पायांनी अधू आणि जिभेने धडधाकट, त्या स्वयंपाकघरामागे धान्याच्या पिंपांमध्ये बसत, त्या जागेस त्यांनी टाकसाळ म्हटले. हलिमाबींनी गॅलरी धरिली, तेथे वारा इतका की चिंध्या उडून खालच्या अंगणात जात आणि पोरे त्या वर आणून देत, त्या गॅलरीस हवामहाल नाव पडले. कुमुदिनीबाईंचे शिवणयंत्र कपाटाच्या आत, सासूबाईंची चाहूल लागली की दार लाविले आणि बाई निरागस, ते भुयार. एकीचे शिवण जेवणाच्या टेबलावर, ते दोन वेळा ताटे आली की उठवावे लागे, तिने त्यास छावणी म्हटले. एकीची जागा न्हाणीघराच्या वाटेवर, सकाळी सारे घर तिच्या डोक्यावरून उड्या मारीत न्हाणीस जाई आणि ती तसूभर हालत नसे, तिने खिंड म्हटले ते कोण खोटे म्हणेल? आणि वरच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई, त्यांची लेक लग्न होऊन गेली, मग त्या रिकाम्या खोलीत त्या शिवावयास बसू लागल्या, तिचे नाव त्यांनी माहेर ठेविले.

आता या बायांची एक रीत होती. दर वर्षी मार्गशीर्षात बारा घरची वाकळ शिवावी. बारा घरांतून एकेक वापरलेले वस्त्र आणावे, बाराही थर एका जमिनीवर पसरावे, आणि बारा हातांनी शिवावे. ज्या घरी वाकळ पसरे त्या घरचा मान मोठा. आणि नेम दोन, एक म्हणजे, नाव नाही त्या जागेवर बारा घरची वाकळ पसरू नये. दुसरा म्हणजे, कडेचा पहिला फेरा गाठीपासून गाठीपर्यंत पुरा होई तों वाकळीस कातर लावू नये, टाका उसवू नये, आणि वाकळ जागची हालवू नये. हालविली तर आतले थर सरकतात, आणि बारा घरचे थर सरकले म्हणजे बारा घरची मने सरकली, ऐसे भीमाक्का म्हणत, आणि भीमाक्का म्हणत तो कायदा.

आणि या सर्व राज्यात ज्यांचा टाका सर्वांत बारीक त्या सगुणाबाई. बावीस वर्षे शिवीत आल्या, नव्वदावर वाकळी हातावेगळ्या केल्या, तीन गल्ल्यांतील बाळंतिणी यांचेच दुपटे मागत. परंतु यांच्या जागेस नाव नव्हते. मधल्या खोलीत खिडकीखाली उजेड पडे तेथे त्या वाकळ पसरीत. मधली खोली म्हणजे राज्याचा हमरस्ता. पुढच्या दारातून स्वयंपाकघरात जाणे ते तीमधून, आणि स्वयंपाकघरातून चहा बाहेर येणे तो तीमधूनच. घरचे त्या जागेस पसारा म्हणत. "पसारा उचल गं" म्हटले की सगुणाबाई उचलीत, आणि उचलिली म्हणजे थर सरके, आणि थर सरकला म्हणजे तीन दिवसांचे टाके उसवून पुन्हा घालीत, आणि त्याचा एक शब्द बोलत नसत. आम्हांस राग येई. आम्ही म्हणावे, बाई, एकदा तरी नाही म्हणा; तर हसून म्हणत, "असू द्या हो, हाताला वळण लागतं." या कारणे बारा घरची वाकळ पाच वेळा त्यांच्या दारावरून पुढे गेली. सहाव्या वर्षी भीमाक्का बोलिल्या, "यंदा सगुणाकडं. नाव मागनं देऊ दे, पयला फेरा पुरा हुईस्तवर दिलं तरी चालंल." आणि सगुणाबाईंनी आदले दिवशी मधली खोली दोनदा पुसून घेतली.

इकडे खासे त्र्यंबकराव, सगुणाबाईंचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या दप्तरी लेखणी चालवीत. वैद्यांनी यांचे पोट पाहून आज्ञा केली की रोज पाऊण तास चालावे. राज्यात रस्ते होते, मैदान होते, तळ्याकाठची वाट होती, तरी खाशांनी कोणासही न विचारितां पळावयाचे यंत्र मागविले, ज्यावर माणूस घामाघूम होईतों पळतो आणि जेथला तेथेच राहातो. आणि त्या यंत्रास जागा कोणती नेमिली? मधली खोली, खिडकीखाली. तेवढी जमीन गेली असती तर साऱ्या घरात वाकळीचे बारा थर पसरतील ऐशी दुसरी जागा वीतभरही नव्हती. म्हणजे सगुणाबाईंचे शिवण संपलेच होते, फक्त त्यांस कोणी सांगितले नव्हते. ते सांगावयास खासे वद्य सप्तमीस सकाळी अकराचे सुमारास चौकड्याची लुंगी नेसून मधल्या खोलीत आले आणि पसरलेल्या वाकळीच्या कोपऱ्यावर ऐसपैस मांडी घालून बसले. सगुणाबाई पहिली गाठ मारून कडेने टाके घालीत त्याच कोपऱ्यापाशी येत होत्या. पुढील बोलणे थोरल्या आईसाहेबांनी, म्हणजे खाशांच्या मातुःश्रींनी, बाहेरच्या खाटेवरून टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकिले, आणि आम्हांस अक्षरशः सांगितले.

खासे बोलिले, "अगं, दोन वाजता माणसं मशीन घेऊन येतील. हा पसारा तेवढा उचल." बाई बोलिल्या, "कुठे ठेवू?" "ठेव कुठेतरी. घरात काय जागेला तोटा आहे?" "दाखवा." खाशांनी मान वळवून चहूकडे पाहिले आणि म्हणाले, "पलंगावर शिव." "पलंगावर थर बसत नाहीत, वाकळ जमिनीवरच पसरते." "मग गच्चीवर." "गच्चीवर वाऱ्यानं उडते." मग खाशांचा धीर सुटला आणि ते बोलून गेले, "मग नको शिवूस! बावीस वर्षं शिवलंस, पुष्कळ झालं की. दुकानात ढिगानं मिळतात." सगुणाबाईंचे एक आहे की राग आला म्हणजे त्यांचा टाका बारीक पडतो आणि हात भरभर चालतो. मान खाली, डोळे भरलेले, समोरचे काही दिसत नाही, आणि सुई मात्र चालली आहे, चालली आहे. खासे यंत्राचे गुण सांगत राहिले, किती वेग, किती चढ, नाडी कैसी मोजिते, आणि बाई टाके घालीत राहिल्या. मग यंत्राची तारीफ सरली तेव्हां खासे म्हणाले, "तर मग उचलतेस ना?" आणि सगुणाबाईंनी मान वर केली. "उचलणार नाही." "काय?" "उचलणार नाही म्हणते. पाहुणे आले, उचलली. गणपती बसले, उचलली. तुमचे मित्र पत्ते खेळायला आले तरी उचलली. आज नाही उचलणार. फेरा चालू आहे." वाहवा! बावीस वर्षांत हा पहिला नकार. थोरल्या आईसाहेब म्हणतात की खाटेवर त्यांच्या हातची माळ थांबली.

खासे संतापून ताडकन उठावयास गेले, आणि अर्धे उठले, आणि लुंगी उठेना. ओढून पाहिले, लुंगी येईना, वाकळच वर येऊ लागली. खाली पाहातात तों लुंगीचा काठ बारा थरांस चांगला हातभर शिवला गेला होता. जमिनीवर बसून शिवणारीस ही चूक ठाऊक असते. कोणी सतरंजी शिविते, कोणी स्वतःचा पदर शिविते, हलिमाबींनी तर एकदा मांजराचे आसन शिविले होते. परंतु यजमान शिविलेले हे पहिलेच. "हे काय केलंस?" म्हणोन खासे ओरडिले, आणि लुंगी टाकून निसटावे ऐसा विचार मनात आणिला, गाठीस हातही घातला, तोंच दार वाजले आणि आम्ही अकराजणी फेऱ्यास बसावयास आत आलो. खासे जागच्या जागी मटकन बसले. आम्ही त्यांच्यावर उपकार म्हणून भिंतीकडे पाहिले, पण हसू काही आवरले नाही.

भीमाक्का काठी टेकीत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ह्ये काय गं? सायेब वाकळंत?" सगुणाबाई लाजेने चूर जाहल्या. "अक्का, चुकून शिवले गेले." मग भीमाक्कांनी चष्मा पुसून डोळ्यांस लाविला, आणि वाकून तो हातभर काठ बोटाने चाचपिला. मग म्हणाल्या, "ऐंशी वर्सं झाली मला. असला टाका मी जल्मात घातला न्हाई." ऐसी तारीफ भीमाक्कांच्या मुखातून आम्ही कधी ऐकिली नव्हती. खासे म्हणाले, "अहो, टाक्याचं कौतुक मागाहून करा, आधी कातर द्या." "कातर? पयल्या फेऱ्याला?" अकराही जणींनी कानांवर हात ठेविले. "मग उसवा." "बारा घरची हाय. उसवत न्हाईत. फेरा पुरा हुईपर्यंत बसा गुमान." "किती वेळ?" "गप बसला तर दोन तास. बोलत बसला तर तीन." आणि ऐसा हुकूम जाहला म्हटल्यावर खाशांचा इलाज खुंटला. वर भीमाक्का म्हणतात, "बसलायसाच तर रिकामं कशाला? कोपरा दाबून धरा, थर ताणून घ्या." आणि पाणीपुरवठ्याचे दप्तर हालविणारे खासे दोन्ही हातांनी वाकळीचा कोपरा धरून बसले.

मग आम्ही चारी बाजूंस बसलो आणि फेरा चालू जाहला. तेव्हां भीमाक्कांनी मुद्द्याची गोष्ट काढिली. "सगुणा, जागेचं नाव?" बाई म्हणाल्या, "सुचलं नाही, अक्का." कुमुदिनीबाई म्हणाल्या दरबार म्हण, हलिमाबी म्हणाल्या धूपमहाल म्हण, केवढं ऊन येतं बघ, आणि द्वारकाबाई म्हणाल्या काहीही म्हण पण म्हण. सगुणाबाई सर्वांस नाही म्हणत गेल्या. शेवटी सुई थांबवून म्हणाल्या, "अगं, कसं म्हणू? ही खोली जाण्यायेण्याची. ज्याला वाटेल तो येतो, उचल म्हणतो, मी उचलते. जी जागा माझी नाहीच तिला मी नाव कसं देऊ? खोटंच होईल ते." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले ते त्यांनी अंगुस्तानाची टोपी घातलेल्या बोटाने पुसिले. भीमाक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग फेरा झाला की वाकळ गुंडाळून हवामहालात न्यावी लागंल, पोरी. रीत हाय. माझ्या हातात न्हाई." फेरा पुरा जाहला म्हणजे थर बांधले जातात आणि वाकळ हालविता येते, म्हणजे वाकळ जाणार, आणि मागोमाग त्या रिकाम्या जमिनीवर यंत्र बसणार, हे सर्वांस दिसत होते. खाशांसही दिसत होते. परंतु ते नुसते कोपरा धरून बसले.

आता येथे एक नवल जाहले ते लिहिणे प्राप्त आहे. पहिला अर्धा तास खासे घड्याळ पाहात होते. मग ते थर पाहू लागले. "हा कुणाचा सदरा?" म्हणोन विचारिले, तर सगुणाबाई म्हणाल्या, "तुमचाच, नोकरी लागली तेव्हाचा." मग विचारिले, टाका तिरपा का जातो, दोरा मेणातून का ओढिता, आणि थोड्या वेळाने आपणच सांगू लागले. आमच्या बाजूस चुणी पडली तर म्हणाले, "वहिनी, तिकडे ढिलं पडतंय, जरा ताणा." आम्हांस! बारा वर्षे शिवीत आलेल्या बाईस! आम्ही रागाने पाहिले, तर भीमाक्का म्हणतात, "बरोबर बोलत्यात ते, उसव." उसवू नये हा नेम आमच्या टाक्यास लागू नाही काय, ऐसे आम्ही विचारिले, तर म्हणाल्या, तुझा तो टाकाच नव्हं. ते असो. ऐसे करीत करीत दोन वाजावयास आले आणि फेरा फिरून खाशांच्या कोपऱ्याजवळ, पहिल्या गाठीपासून चार बोटांवर येऊन ठेपला. सगुणाबाईंनी शेवटचा दोरा ओविला. तोंच जिन्यात धबधब पावले वाजली, आणि दोघे हमाल यंत्र खांद्यावर घेऊन पुढच्या दारातून आत शिरले, आणि पुढचा गडी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाला, "साहेब, खिडकीखालीच ना?" आणि बोलता बोलता त्याने धुळीची चप्पल घातलेला पाय वाकळीच्या काठावर ठेविला.

"अरे ए! पाय काढ!" खासे ऐसे गरजले की बाहेर टीव्हीही दबला. "चपला घालून कुठं येतोस? तिच्या खोलीत चपला घालून येतोस?"

हमालाने पाय मागे घेतला. परंतु बारा सुया जागच्या जागी थांबल्या. खासे स्वतःच गोंधळून इकडेतिकडे पाहू लागले, जणू दुसराच कोणी बोलिला. भीमाक्कांनी विचारिले, "कुणाच्या खोलीत म्हनला?" खाशांनी हातचा कोपरा आणखी घट्ट धरिला. मग म्हणाले, "तिच्या. सगुणाच्या." हमाल म्हणाला, "साहेब, वजन आहे हो, लवकर सांगा. चिठ्ठीवर मधली खोली लिहिलंय." "ती चिठ्ठी जुनी झाली," खासे बोलिले, "बाहेर ठेवा, आईच्या खाटेजवळ." बाहेरून आईसाहेब ओरडल्या, "माझ्या उशाशी नको रे बाबा ते धूड!" परंतु तोंपर्यंत धूड तेथे टेकले होते. इकडे सगुणाबाईंनी उरलेले चार बोटे टाके घातले. एक टाका वाकडा पडला नाही. मग गाठ मारिली आणि दोरा दाताने तोडिला. भीमाक्का म्हणाल्या, "फेरा पुरा. बोल सगुणा, नाव?" सगुणाबाईंनी यजमानांकडे पाहिले, मग आम्हां सर्वांकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "तिची खोली." "तिची म्हंजी कुणाची?" "माझी," सगुणाबाई म्हणाल्या. आणि कोणी ऐकिले नसेल म्हणोन पुन्हा एकदा, इमारतीच्या दोन्ही जिन्यांत जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "माझी!" आम्ही सर्वजणी रडलो. लिहावयास लाज नाही. मग भीमाक्कांनी कातर घेऊन लुंगीच कापिली, टाक्यास हात लाविला नाही, आणि आम्ही पुन्हा भिंतीकडे पाहिले तों खासे उरल्या लुंगीनिशी बाहेर पसार जाहले.

येणेप्रमाणे मधली खोली एका दिवसात, रक्ताचा थेंब न सांडता, आमच्या बोटास दोनदा सुई टोचली तेवढी वगळून, फत्ते जाहली. टाकसाळ, हवामहाल, भुयार, छावणी, खिंड, माहेर ही सर्व नावे थोर, आणि ती बायांनी आपली आपण घेतली. हे एकच नाव समोरच्याने आपण होऊन दिले, म्हणोन ते यादीत सर्वांत वर लिहिले आहे. दुसरे दिवशी सकाळी आम्ही मेणाचा गोळा मागावयास त्या घरी गेलो आणि दारातून विचारिले, सगुणाबाई आहेत का? थोरल्या आईसाहेब खाटेवर शेंगा सोलीत होत्या. मान वर न करितां म्हणाल्या, "आहे की. तिच्या खोलीत आहे. चपला काढून जा." हकीकत समाप्त.